नसलेल्या पानाचे साडेचार हजार

मार्चमधला तिसरा रविवार. रक्कम साडेचार हजार रुपये. हजर तिघे: माझी थोरली बहीण, मी, आणि आमचे संकेतस्थळ करून देणारी मुलगी. जागा सदाशिव पेठेतली, ताईच्या वधूवर सूचक केंद्राची बाहेरची खोली. विषय एका पानाचा. संकेतस्थळावर कोणी एखादे पान मागितले आणि ते तिथे नसले, तर त्याच्या जागी काय दिसावे, हे ठरवायचे होते.

"म्हणजे जे पान नाही, त्याचे साडेचार हजार?" ताईने विचारले.

"पान आहे, ताई. पान नसल्याचं पान आहे," मुलगी म्हणाली. केंद्रात येणारे सगळेच माझ्या बहिणीला ताई म्हणतात. मला मात्र ती मुलगी काका म्हणायची.

"आणि असलेल्या पानांचे किती घेतलेस गं?"

"सगळ्यांचे मिळून अठरा हजार."

"मग नसलेलं स्वस्तात द्यायला हवंस."

मुलगी हसली, पण रक्कम कमी केली नाही. मला ते बरे वाटले. मी एका कारखान्यात खर्चाचे हिशेब बघतो. कामाची किंमत सांगून पहिल्याच बोलण्याला निम्म्यावर येणाऱ्या माणसाचे काम मी पुन्हा तपासून घेतो.

हे पान हवेच का होते, ते सांगतो. ताईचे केंद्र जुने आहे. आधी फायली होत्या, मग फोटोंचे अल्बम आले, आणि चार वर्षांपूर्वी मी मागे लागून संकेतस्थळ करून घेतले. प्रत्येक स्थळाला एक क्रमांक आणि एक पान. मुलीची आई ते पान उघडते, तिला पसंत पडते, आणि ती त्याची लिंक नाशिकच्या मावशीला, सांगलीच्या काकाला, जावयाला पाठवते. हे लोक लगेच बघत नाहीत. महिना-दोन महिन्यांनी एखाद्या दुपारी मावशीला आठवण होते आणि ती लिंक उघडते. तोवर ते स्थळ ताईने काढलेले असते. मग मावशीला दिसायचा पांढरा पडदा, त्यावर चारशे चार हा आकडा आणि खाली एक इंग्रजी ओळ.

त्याचे फोन ताईला यायचे. "ताई, केंद्र बंद केलंत की काय?" हा नेहमीचा. एका गृहस्थांनी मात्र चिडून विचारले, "मी पाच वेगवेगळ्या मुली बघायला जातो आणि दरवेळी तुम्ही मला चारशे चार नंबरचीच दाखवता. तिचं जमत नाहीये का?" आमच्याकडे चारशे चार क्रमांकाची मुलगी खरोखरच होती. तिचे लग्न होऊन तिला मूल झाले होते.

तेव्हा ते पान मराठीत, आपले आपण तयार करून घ्यायचे ठरले. मुलीने लॅपटॉप फिरवून आमच्यापुढे केला. तिने तात्पुरता मजकूर घातला होता: ‘हे पान सापडले नाही.’

"हे चालणार नाही," ताई म्हणाली.

"काय चालणार नाही?"

"‘नाही’ चालणार नाही. लग्नाच्या जागी तो शब्द लिहायचा नाही."

माझ्या बहिणीचा हा नियम नवा नव्हता. आमच्या आईच्या तोंडी बांगडी फुटली असे कधी आले नाही, बांगडी वाढली असेच यायचे. कुंकू संपले की कुंकूही वाढायचे. दिवा विझवायचा नाही, शांत करायचा. घरातून निघताना जाते म्हणायचे नाही, येते म्हणायचे. हे पुष्कळ घरांत आहे. पण ताईने ते सगळे केंद्रात आणून कामाची पद्धतच करून टाकली. नकार आला की ती समोरच्यांना सांगते, "ते जरा थांबलेत." पत्रिका जुळली नसेल तर "गुरुजी अजून बघतायत." बाहेरच्या फळ्यावर केंद्र कधी उघडे ते लिहिले आहे, कधी बंद ते लिहिलेले नाही. एवढ्या वर्षांत त्या खोलीत कोणाला कोणी नकार दिलेला नाही. लोक फक्त थांबलेले आहेत.

"मग काय लिहू?" मुलीने विचारले. "हल्ली बरेच जण ‘अरेच्चा!’ लिहितात आणि रडका चेहरा काढतात."

"मुलीची आई पान उघडणार आणि आपण तिला रडका चेहरा दाखवायचा?" ताईने विचारले.

"नाहीतर पाटीसारखं करू. पुणेरी. ‘चष्मा लावून पत्ता पुन्हा वाचावा,’ असं काहीतरी. सगळीकडे फिरेल बघा."

"पाटी दाराला लावतात," मी म्हणालो. "मुलीच्या बापाला लावत नाहीत."

शेवटी मजकूर ताईनेच सांगितला. वर आंब्याच्या पानांचे तोरण, खाली अक्षता, आणि मध्ये मोठ्या अक्षरांत: ‘शुभमंगल! हे स्थळ जमले. आपलेही लवकरच जमो.’

मी विचारले, "काढलेली सगळी स्थळं जमलेलीच असतात का?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे सगळी नव्हेत."

"तुला चांगलं बोलायला काय होतं रे?" ताई म्हणाली. तो विषय तिथे संपला. केंद्र तिचे आहे. मी हिशेब बघतो. साडेचार हजार रुपये काम झाल्यावर दिले, पावती घेतली.

दीड-दोन महिने त्या पानाचे कौतुक चालले. लोक सांगत, "ताईंकडे कुठलंही पान उघडा, जमलेलं असतं." नवी नोंदणीही वाढली. ताईने मला दोनदा ऐकवले की हिशेबाच्या माणसाला शकुन कळत नाही.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी रजेवर होतो आणि वर्षाचा हिशेब मिळवत केंद्रात बसलो होतो. ताईने चारला दार उघडले, तोच बिबवेवाडीच्या एक बाई आत आल्या. त्या उन्हातून आल्या होत्या, पण पाणी नको म्हणाल्या. यजमानांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा. मुलगी बत्तीस वर्षांची, औषधांच्या कंपनीत गुणवत्ता तपासणी करते. तिचे नाव ताईकडे दोन वर्षे होते.

बाईंनी फोन ताईसमोर धरला. पडद्यावर तोरण आणि अक्षता.

"ताई, माझ्या मुलीचं लग्न जमलंय असं इथं लिहिलंय," त्या म्हणाल्या. "कुणाशी जमलंय तेवढं सांगा. मला तयारीला लागता येईल."

मी खुर्ची पुढे केली. बाई बसल्या आणि मग एकेक गोष्ट बाहेर आली.

मार्चच्या शेवटी या मुलीने कर्वेनगरचा एक मुलगा पाहिला होता. दोघे दोनदा भेटले. दुसऱ्या वेळी कॉफीला गेले ते तीन तासांनी परत आले. मुलीने घरी सांगितले की हा चालेल. त्याच आठवड्यात तिच्या वडिलांच्या छातीत दुखले आणि तातडीने बायपास करावी लागली. आजारपणाचा गवगवा नको म्हणून बाईंनी मुलाकडच्यांना एवढेच कळवले, "घरात जरा गडबड आहे, थोडं थांबा." आणि ताईला फोन केला, "दोन महिने नवीन कुणाचे फोन नकोत, तेवढं आमचं पान काढून ठेवा." ताईने पान काढले.

मग, हे आम्हाला नंतर कळले, कर्वेनगरच्या मुलाच्या आत्याने, नवऱ्याला दाखवायला म्हणून, मुलीची लिंक उघडली. शुभमंगल. हे स्थळ जमले.

मुलाच्या वडिलांनी बाईंना संदेश पाठवला. तो बाईंनी आम्हाला वाचून दाखवला: ‘अभिनंदन. आम्हाला आधी कळवले असतेत तर बरे झाले असते.’

"मला वाटलं, यार्डातल्या कुणीतरी त्यांना ऑपरेशनचं सांगितलं असेल," बाई म्हणाल्या. "ऑपरेशन चांगलं झालं म्हणून अभिनंदन करतायत. मी उत्तर दिलं, धन्यवाद, सगळं इतक्या घाईत ठरलं की कुणालाच कळवता आलं नाही, उत्तम पार पडलं."

ताईने डोळ्यांवर हात ठेवला.

"तेव्हापासून त्या मुलानं हिला फोन केला नाही. हिनं एकदा विचारलं कसा आहेस, तर त्यानं लिहिलं, ‘शुभेच्छा.’ एवढंच. ही म्हणाली, आई, बाबांचं दुखणं कळलं असेल, म्हणून मागे सरला. मला तर आज सकाळी बहिणीचा फोन आला, की मुलीचं जमवलंस आणि मला सांगितलं नाहीस? तेव्हा कळलं. ताई, पोरगी दोन वर्षांत पहिल्यांदा कुणाला हो म्हणाली होती."

मी मुलीला, म्हणजे आमच्या संकेतस्थळाच्या मुलीला, तिथूनच फोन लावला. सांगितले की ते पान आज काढायचे.

"काका, मी ऑफिसात आहे. आठ वाजता घरी गेले की करते. पण त्या जागी काय टाकू?"

"ते आठपर्यंत सांगतो," मी म्हणालो.

ताईकडे वळून विचारले, "कर्वेनगरच्या मुलाचं आता कुठे चाललंय?"

"रविवारी तळेगावला मुलगी बघायला जातायत," ती हळू आवाजात म्हणाली. "पत्ता मीच दिला."

"मग आज त्यांच्याकडे जायला हवं."

"आपण कुणाच्या घरी जात नाही." हाही ताईचा नियम. केंद्राने स्थळ दाखवायचे, पुढचे दोन घरांनी बघायचे. मध्यस्थी केली की लग्नानंतरची भांडणेही दारात येतात, हा तिचा अनुभव आहे आणि तो चुकीचा नाही.

"मध्यस्थी करायला जायचं नाहीये," मी म्हणालो. "आपल्या पानावर खोटं लिहिलंय. ते खोटं होतं, एवढं सांगायला जायचंय. त्यानंतर त्यांनी तळेगावला जावं नाहीतर आणखी कुठे."

"फोन कर."

"फोनवर ते म्हणतील, मुलीकडच्यांनी सांगायला लावलंय. मी जातो."

बाई एकदा माझ्याकडे, एकदा ताईकडे बघत होत्या. मी त्यांना म्हणालो, "तुम्ही येऊ नका, आणि मुलीला आत्ता काही सांगू नका. मी संध्याकाळी फोन करतो." त्या गेल्या. पाणी त्यांनी जातानाही घेतले नाही.

साडेसहाला स्कूटर काढली तर ताई पर्स घेऊन खाली उभी. मागे बसताना म्हणाली, "तू बोलशील कोरडं आणि उरलंसुरलं मोडशील."

मुलाचे वडील पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. दार त्यांनीच उघडले. आम्हाला ओळखले आणि तोंडभर हसले.

"या, या. आपण स्वतः आलात? आम्ही घरी असल्याचं तुमच्या साइटवर आलं होतं वाटतं."

बसलो. मी घोळ न घालता सांगितले: बिबवेवाडीच्या मुलीचे लग्न ठरलेले नाही, कधीच नव्हते. आईच्या सांगण्यावरून पान तात्पुरते काढले होते. आमच्या संकेतस्थळावर पान नसले की शुभमंगल दिसते, कारण काहीही असो.

"अहो, पण त्यांनी स्वतः लिहून कळवलंय. उत्तम पार पडलं म्हणून."

"पार पडली ती वडिलांची बायपास."

त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "हे सांगायला आपल्याला कुणी पाठवलं?"

हा प्रश्न येणार हे मी धरूनच आलो होतो. मी माझा फोन त्यांच्या हातात दिला. "हे आमचं संकेतस्थळ. पत्त्याच्या पुढे स्थळाचा क्रमांक येतो. तुम्ही नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव घाला. एवढी स्थळं आमच्याकडे आयुष्यात आलेली नाहीत."

त्यांनी चष्मा लावून आकडे घातले. शुभमंगल! हे स्थळ जमले.

"बरं," ते म्हणाले. "आणि आकडाच नाही घातला तर? कुठलाही शब्द घातला तर?"

"घालून बघा."

त्यांनी इकडेतिकडे पाहिले. आत शिट्टी झाली. त्यांनी एका बोटाने सावकाश इंग्रजीत लिहिले: कुकर. तोरण आले, अक्षता आल्या. शुभमंगल! हे स्थळ जमले. आपलेही लवकरच जमो.

"अगं, ऐकलंस का?" त्यांनी आत हाक मारली. "कुकरचं जमलं!"

"घेऊन जा म्हणावं लवकर," आतून आवाज आला. "गॅसकेट गेलीय त्याची."

ताई माझ्याकडे न बघता हसली. तेवढ्यात आतल्या खोलीतून मुलगा बाहेर आला. चौतीसचा, बँकेत नोकरीला. तो बहुधा सगळे ऐकत होता. त्याने वडिलांच्या हातातून फोन घेतला, स्वतः बिबवेवाडीच्या मुलीचा क्रमांक घातला, पान बघितले, मग काहीतरी वेडीवाकडी अक्षरे दाबली आणि पुन्हा तेच पान बघितले.

"तिचे बाबा कसे आहेत?" त्याने मला विचारले.

"घरी आलेत. फिरायला लागलेत."

"रविवारचं काय करायचं?" वडील म्हणाले. "तळेगावकरांना शब्द दिलाय."

"बघायला येतो असा दिलाय ना, बाबा. मी फोन करून सांगतो त्यांना."

"काय सांगशील?"

"येत नाही म्हणून सांगतो."

ताईचा चेहरा मला तिरका दिसत होता. तिच्या पद्धतीत याला ‘ते जरा थांबलेत’ म्हणायचे असते. चहा घेऊन आम्ही निघालो. वडील जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, "तेवढं कुकरला सासर चांगलं बघा."

पावणेआठला केंद्रात परत आलो. बाईंना फोन करून जे झाले ते सांगितले. मग एक कोरा कागद घेतला आणि नव्या पानाचा मजकूर लिहायला बसलो. मुलगी फोनवर होती, स्पीकर चालू ठेवला होता. मी तिला आधी एकच गोष्ट विचारली: पान मागितले आणि मिळाले नाही, तेव्हा आपल्या यंत्रणेला नेमके काय माहीत असते?

"एवढंच, की या पत्त्यावर पान नाही."

"का नाही, ते?"

"ते नाही कळत, काका. ताईंनी काढलं असेल, कुणी एक आकडा चुकवला असेल, पुढे पाठवताना लिंक अर्धी तुटली असेल. आपल्याला सगळं सारखंच दिसतं."

"मग तेवढंच लिहायचं."

प्रत्येक वाक्य लिहिले की मी विचारायचो, हे आपल्याला माहीत आहे का? ‘हे स्थळ काढले आहे’: माहीत नाही. खोडले. ‘आपण पत्ता चुकीचा लिहिला आहे’: माहीत नाही, शिवाय उद्धट. खोडले. ‘लवकरच उपलब्ध होईल’ असे ताईने सुचवले, तेही खोडले.

"मला माझ्या केंद्रात ‘नाही’ नकोय," ती म्हणाली. "माझं ऐकणार नाहीस का?"

"आज कर्वेनगरला तो मुलगा म्हणालाच ना, येत नाही? काय झालं? छत कोसळलं?"

ती उठून खिडकीपाशी गेली. मग पाठमोरीच म्हणाली, "मी एवढी वर्षं लोकांना थांबलेत, थांबलेत सांगते. तुला वाटतं मला कळत नाही? काही आया सहा-सहा महिने त्या फोनची वाट बघतात. पण तोंडावर नाही कसं म्हणायचं रे? तू कधी म्हटलं आहेस? कागदावर सोपं असतं."

मी म्हणालो, "तोंडावर म्हणू नकोस. पानावर लिहू."

"वाच काय लिहिलंयस ते."

मी वाचले. ‘आपण मागितलेले पान येथे नाही. ते का नाही, हे या पानावरून सांगता येत नाही. स्थळ जमले किंवा नकार आला, असा अर्थ कृपया काढू नये. स्थळ क्रमांक खाली पुन्हा लिहून पाहावा, किंवा केंद्रात फोन करावा.’

"तीन नाही, एक नये, आणि वर एक नकार," ताईने मोजले. मग खुर्चीवर येऊन बसली. "शेवटी लिही, फोन ताई स्वतः उचलतात."

"हे आपल्याला माहीत आहे का?" फोनवरून मुलीने विचारले.

"आगाऊ आहेस," ताई म्हणाली. पण ते वाक्य राहिले.

तोरण काढले. अक्षता काढल्या. ताईच्या आग्रहाखातर वर ‘श्री’ ठेवला, लहान. फोन नंबर सगळ्यांत मोठा, कारण पान उघडणारे बहुतेक साठीच्या पुढचे. मुलीने आणखी एक गोष्ट आपणहून दुरुस्त केली. आधीचे पान गुगलसमोर खरे पान असल्यासारखे उभे राहत होते, त्यामुळे तिथे आमचे नाव शोधले की शुभमंगलची रांग लागायची. आता दिसायला आमचा मजकूर, पण आतून गुगलला स्पष्ट कळवायचे की येथे पान नाही. "म्हणजे चारशे चार परत आलं," ती म्हणाली, "फक्त कुणाला दिसणार नाही." ते पान त्याच संध्याकाळी चढले. मी कुकर घालून तपासले.

बिबवेवाडीची मुलगी मात्र लगेच वळली नाही. मुलाने त्याच दिवशी फोन केला होता. तिने त्याला विचारले म्हणे, "तीन तास माझ्याशी बोललास आणि विश्वास ठेवलास तो एका तोरणावर? मला एक फोन करून विचारता आलं नाही?" तिने सांगितले की बाबांची तपासणी होऊ दे, मग भेटू. तो थांबला. ताईने हे मला सांगितले तेव्हा मी विचारले, "तुझ्यासारखा थांबला की खरा?" ती म्हणाली, "खरा. दर रविवारी तिच्या बाबांबरोबर फिरायला जातो. ते कांद्याचे भाव सांगतात, हा ऐकतो."

नवीन पानाबद्दल तक्रारी आल्या. एका बाईंनी विचारले, "ताई, तुमचं पान असं तुटक का बोलायला लागलंय?" एकाने लिहिले की आधीचे किती छान होते. फोन खूप वाढले, आणि ते ताईलाच उचलावे लागले, कारण तसे लिहून ठेवले होते. प्रत्येकाला तिला खरे कारण सांगावे लागे. एकदा मी बसलो असताना ती एका आईला म्हणाली, "ते नाही म्हणाले हो." मग ती आई काहीतरी म्हणाली आणि ताईने दुसऱ्या स्थळाचा क्रमांक सांगायला सुरुवात केली. फोन ठेवल्यावर तिने माझ्याकडे बघितले. मी पासबुकात डोके घातले.

ऑगस्टमध्ये बिबवेवाडीच्या बाई पुन्हा आल्या, यजमानांसह. या वेळी पाणी घेतले, पेढेही ठेवले. म्हणाल्या, "ताई, आता आमचं पान खरंच काढा."

त्या गेल्यावर ताई हट्टाला पेटली. या एका पानावर शुभमंगल हवेच. मी म्हणालो, सगळ्यांना एक पान, असे ठरले आहे. ती म्हणाली, "तुझाच नियम लाव. हे आपल्याला माहीत आहे का? आहे. दोन्ही घरांनी कळवलंय, कर्वेनगरचा फोन सकाळीच आला. मग लिहायला काय हरकत?"

हरकत नव्हती. मुलीला बोलावले. तिने तोड काढली: ज्या स्थळाचे जमल्याचे दोन्ही घरांनी कळवले असेल, त्याच क्रमांकावर ताईने खूण करायची, आणि फक्त तिथेच तोरणाचे पान दिसेल. बाकी सगळीकडे नाही ते नाहीच. कर्वेनगरच्या मुलाच्या आणि बिबवेवाडीच्या मुलीच्या क्रमांकावर ताईने स्वतः खूण केली. नंतर मी कुकर घालून बघितले. पान नाही असे आले.

पैशांचे असे झाले. पहिल्या पानाचे साडेचार हजार आधीच दिलेले होते, ते परत मागितले नाहीत, कारण मजकूर आमचा होता. दुसऱ्या पानाचे तीन हजार मी केंद्राच्या खात्यातून मुलीला पाठवले. तिसऱ्याचे तिने पंधराशे सांगितले. ते ताईने केंद्रातून घेऊ दिले नाहीत. स्वतःच्या पर्समधून काढले, पाकिटात घातले, पाकिटावर हळदीकुंकवाचे बोट लावले आणि वर एक रुपया ठेवला. मुलगी म्हणाली, "ताई, पंधराशेच ठरले होते." ताई म्हणाली, "वरचा रुपया पानाचा नाही, जमल्याचा आहे." मी पावती लिहिली: पंधराशे एक रुपये, पान करणाऱ्या मुलीस, ताईच्या हस्ते.